फुगलेली नदी आणि प्रश्नाची घडण

ज्ञान कशाला म्हणावे आणि ते कोणत्या साधनाने मिळते, याची चिकित्सा करणाऱ्या शाखेला ज्ञानमीमांसा म्हणतात. या शाखेच्या विद्यार्थ्याला निबंधासाठी प्रश्न स्वतः घडवायला सांगितला, तर तो बहुधा ‘ज्ञान म्हणजे काय?’ असे विचारतो, ज्याच्या उत्तराला कोठून हात घालावा हेच कळत नाही. किंवा ‘विज्ञान हेच खरे ज्ञान आहे काय?’ असे विचारतो, ज्याचे उत्तर त्याने लेखणी उचलण्यापूर्वीच ठरवून टाकलेले असते. गौतमाच्या न्यायसूत्रांवर न्यायभाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने त्या भाष्याच्या आरंभी ही दोन्ही टोके वर्ज्य ठरवली आहेत, कारण त्याच्या मते प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, करावयाची परीक्षा सर्वस्वी अज्ञात वस्तूविषयी सुरू होत नाही आणि निश्चित झालेल्या वस्तूविषयीही होत नाही. ती संशयित वस्तूविषयीच होते. गौतमाने सांगितलेल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, प्रमाण आणि प्रमेय (जाणण्याची वस्तू) यांच्यानंतर लगेच संशयाला स्थान आहे ते यामुळेच. हा संशय म्हणजे अविश्वास नव्हे. एकाच वस्तूविषयी दोन विरोधी पक्ष उभे राहतात, दोहोंना काही आधार असतो आणि त्यांना वेगळे करणारी खूण मात्र अजून हाती आलेली नसते, अशी ती अवस्था होय.

अशा संशयाचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाच्या विद्यार्थ्याला घाटावरच सापडते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता या गावावरून वाहते, थोडे खाली कालेश्वरमसमोर गोदावरीला मिळते, आणि त्याही खाली गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज आहे, ज्याचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. आता योगायोग असा की न्यायभाष्यात ‘शेषवत्’ अनुमानाचे, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या तर्काचे, उदाहरण नदीचेच आहे: नदी भरून वेगाने वाहताना दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला, असे कळते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी, म्हणजे विरोधी बाजू मांडणारा, त्यावर आक्षेप घेतो की प्रवाह अडवला गेला तरी नदी फुगते, तेव्हा खूण फसवी आहे आणि म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. बॅरेजचा फुगवटा मागे सरकून शेते पाण्याखाली जातात, अशी तक्रार सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांनी केली, तेव्हा त्या पूर्वपक्ष्याचे म्हणणे जणू नदीकाठी पुन्हा उभे राहिले.

सिद्धान्ती, म्हणजे न्यायमताची बाजू मांडणारा, त्याला जे उत्तर देतो ते प्रश्न घडवण्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, कारण तो आपले मूळ विधान नुसते ठासून सांगत नाही, तर खूण बारकाईने पाहायला लावतो. केवळ पाणी वाढणे ही पावसाची खूण नाही. प्रवाहाचा जोर, पुष्कळ फेस, वाहत येणारी फळे, पाने व लाकडे यांसह वाढलेले पाणी ही ती खूण होय, आणि अडवलेले पाणी तसे नसते. ‘अनुमान विश्वसनीय आहे काय?’ हा पसरट प्रश्न येथे आपोआप आवळला जातो आणि असा होतो: एकच कार्य दोन कारणांनी घडत असेल, तर ती वेगळी करणारी खूण ज्याला अजून दिसलेली नाही, पण ज्याचा अंदाज खरा निघाला, त्याला ज्ञान होते असे म्हणता येईल काय? या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तर संभवते, आणि कोणते उदाहरण मिळाल्यास मत बदलावे लागेल हेही आधी सांगता येते. निबंधाच्या प्रश्नाकडून याहून फारशी अपेक्षा नसावी. मात्र २०२२ च्या जुलैसारख्या महापुरात वरून पाऊस आणि खालून फुगवटा एकदमच आले, तर वात्स्यायनाची खूण अपुरी पडते, आणि सिद्धान्त्याचे उत्तर तेवढ्यापुरते घाईचे वाटते.

शब्दप्रमाणाचा, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाचा प्रश्नही याच काठावर उभा राहतो. वस्तू साक्षात जाणून ती जशी आहे तशी सांगू इच्छितो तो आप्त, अशी वात्स्यायनाची व्याख्या आहे, आणि ती ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू असल्याचेही तो म्हणतो. तर मग बॅरेजमधून सोडलेल्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, आकडा कळवणारी यंत्रणा आणि फेसावरून पाणी ओळखणारा नावाडी यांपैकी आप्त कोण, हे पदावरून ठरत नाही.

खुणेचा हाच प्रश्न फार जुन्या काळाबाबतही उभा राहतो. सिरोंचा तालुक्यातच पोचमपल्लीजवळ बारापासॉरस या डायनासोरची हाडे मिळाली आणि १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले. तेथे अनेक प्राण्यांची हाडे एकत्र, मोठमोठ्या वृक्षखोडांच्या सोबत सापडली, ज्यावरून पुराने कळप वाहून आणल्याचा तर्क केला गेला. येथेही लाकूड हीच खूण आहे. पण आजच्या प्राणहितेच्या बाबतीत वरच्या गावी पाऊस झाला का हे विचारून अनुमान पडताळता येते, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या नदीच्या वर कोणतेही गाव नव्हते. तेव्हा ही दोन अनुमाने एकाच जातीची मानावीत काय?