वेदीपासून विहिरीपर्यंत

वसईच्या पश्चिम पट्ट्यातली शेती विहिरी आणि बावखलांवर, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांवर उभी राहिली. केळी, पानवेली, फुलं, भाजीपाला, सगळं या गोड्या पाण्यावर. १९८०च्या दशकात मुंबईची वस्ती विरारच्या दिशेने सरकली आणि नव्या इमारतींसाठी गावातल्या विहिरी टँकरने उपसल्या जाऊ लागल्या. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारं पाणी जमिनीतून आत सरकतं. शेतकऱ्याला ते केळीच्या पानावरच कळतं.

त्या वेळी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या अग्रभागी उभे राहिले. समितीत ख्रिस्ती होते, तसेच हिंदूही. बुजणारी बावखलं, टँकर, हिरव्या पट्ट्यावर आलेलं बांधकाम, या सगळ्याविरुद्ध मोर्चे निघाले. फादरांना धमक्या आल्या. ते मागे हटले नाहीत.

‘पाद्र्याने प्रार्थना सांगावी, राजकारण करू नये’ हा आक्षेप जुना आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र गरिबांचं दुःख हे चर्चचंच दुःख मानलं. हे मान्य केलं, तर रविवारी वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्याची विहीर सोमवारी आटत असताना धर्मगुरूने गप्प बसणं हीच धर्माशी प्रतारणा ठरते.

पण खरी कसोटी पुढची आहे. ज्याची वाडी, ज्याची विहीर, तो लढायला उभा राहतोच. वसईच्या पूर्वेला, रेल्वेरुळांपलीकडे, डोंगराकडच्या आदिवासी पाड्यांवर वेठबिगारी होती. वाडी नाही, विहीर नाही, सावकाराचं कर्ज तेवढं डोक्यावर. त्यांच्यासाठी १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना उभी राहिली. ती कोणत्याही धर्मपीठाची नव्हती. शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगणाऱ्या प्रत्येक धर्माने यावर विचार करायला हवा, कारण रेल्वेरुळांपलीकडचा माणूसही शेजारीच आहे.

फादर दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही त्यांच्या धर्मगुरू असण्यावरून विरोध झाला. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

बावखलांवर आजही भराव पडतो आहे. वसईकरहो, तुमच्या गावात एखादं बावखल उरलं असेल, तर देवळातल्या, चर्चमधल्या, मशिदीतल्या पुढच्या बैठकीत पहिला विषय त्याचा घ्या. आणि दुसरा, पूर्वेच्या पाड्यांवरच्या पाण्याचा.