वेदनाशामके आणि पाचवे शील

पंचशीलातील पाचवे शील सुरा, मेरय आणि मद्य यांपासून दूर राहण्याचे आहे. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे वेदना शमवतात, पण गुंगीही आणतात आणि काहींना त्यांचे व्यसन जडते. आजारी उपासकाने ती घेतली तर शीलभंग होतो का, हा बौद्ध नीतिविचारातला प्रश्न महाराष्ट्रात घरोघरचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे.

पाचव्या शीलात मद्य वर्ज्य ठरते ते प्रमादाचे कारण म्हणून. प्रमाद म्हणजे भान सुटणे. हिंसा, चोरी, व्यभिचार आणि असत्य यांपासून दूर राहण्याची पहिली चार शीले भानावर असलेला माणूसच पाळू शकतो. त्यामुळे औषधाचा विचार करतानाही ते कशासाठी घेतले आणि त्याने भानाचे काय झाले, हे पाहावे लागते.

विनयपिटकातील महावग्गात भेसज्जक्खन्धक हा औषधांवरचा स्वतंत्र खंड आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी हे पाच पदार्थ आजारी भिक्षूंना औषध म्हणून जेवणाची वेळ टळल्यावरही घेता येतात, असे तो सांगतो. पिलिंदवच्छ या स्थविरांचा वातविकाराचा प्रसंगही त्यातच आहे. वैद्यांनी त्यांना कढवलेले तेल सुचवले आणि त्यात मद्य घालणे भाग होते. बुद्धांनी त्याला अनुमती दिली. पुढे काही भिक्षू त्यात वाजवीपेक्षा जास्त मद्य घालून ते पिऊ लागले आणि त्यांना नशा चढली. तेव्हा मद्याचा रंग, वास किंवा चव जाणवणार नाही इतपतच ते घालावे, असा नियम झाला. जास्त मद्य पडलेले तेल अंगाला चोळण्यासाठी वापरावे, असेही ठरले. काहींनी गैरवापर केला म्हणून आजाऱ्याचे औषध बंद झाले नाही. त्याची मात्रा बांधली गेली.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्त वेदनेकडे माणूस कसा पाहतो हे सांगते. शरीराची वेदना हा पहिला बाण आणि तिच्यामुळे होणारी मनाची तगमग हा दुसरा. धम्म न ऐकलेल्या माणसाला दोन्ही लागतात. दुःखद वेदनेतून सुटण्याची दुसरी वाट ठाऊक नसल्याने तो इंद्रियसुखाकडे धावतो, असे हे सुत्त म्हणते. औषधाच्या व्यसनाची सुरुवात बहुधा येथेच होते. पहिल्या बाणासाठी दिलेली गोळी एकटेपणा, चिंता किंवा निद्रानाश या दुसऱ्या बाणासाठी घेतली जाऊ लागते.

वैद्यकशास्त्रही येथे दोन गोष्टींत भेद करते. अफूवर्गीय औषध काही काळ नियमित घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते. तेवढ्याच मात्रेने कमी आराम पडतो आणि औषध एकदम तोडले तर घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. हे शारीरिक अवलंबित्व डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणाऱ्या कोणालाही येऊ शकते आणि मात्रा हळूहळू उतरवत औषध सोडता येते. त्याला व्यसन म्हणत नाहीत. नुकसान दिसत असूनही औषधाची ओढ आवरता न येणे, म्हणजे व्यसन. शीलाचा संबंध प्रामुख्याने या दुसऱ्या अवस्थेशी येतो. मात्र व्यसनही आजार आहे. त्यात अडकलेल्याला दोष देण्यापेक्षा त्याच्यावर उपचार करणे करुणेला धरून होते.

नशा न आणणाऱ्या रोजच्या गोळ्यांना पाचवे शील सरळ लागू होत नाही, पण अप्रमादाची कसोटी लागू होते. डोकेदुखीवरची साधी गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागण्याचा संभव असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या दीर्घ वापराने जठरात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडे बिघडू शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेली तर यकृताला धोका असतो. न विचारता, न मोजता गोळी घेत राहणे हाही प्रमादच.

उलट बाजूची चूकही तितकीच गंभीर आहे. भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे नियम इतके किचकट झाले की कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे अवघड बनले. २०१४च्या दुरुस्तीने ते काहीसे सुलभ केले. शरीराला छळण्याचा मार्ग बुद्धांनी स्वतः आचरून सोडून दिला होता. त्यामुळे वेदना सोसण्यात आपोआप पुण्य आहे, असे बौद्ध विचारात धरता येत नाही.

अखेरच्या दिवसांचा प्रश्न जास्त नाजूक आहे. मृत्यूसमयी चित्त जागे असावे, असे बौद्ध परंपरा मानते. म्हणून काही साधक गुंगी आणणारे औषध नाकारतात. ख्रिस्ती परंपरेतही हा विचार झाला. पोप बारावे पायस यांनी १९५७मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना, दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाची इतर धार्मिक व नैतिक कर्तव्ये अडत नसतील तर शुद्ध हरपली तरी वेदनाशामक देणे योग्य ठरवले. बौद्ध दृष्टीनेही असह्य वेदनेत चित्त जागे राहतेच असे नाही. योग्य मात्रेने कधी भान टिकवायला मदतच होते. औषध नाकारण्याचा निर्णय मात्र रुग्णाचा असावा. घरच्यांनी किंवा भिक्षूंनी तो त्याच्यावर लादणे करुणेत बसत नाही.