लाखेचा लेप

इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्द मुळात आपल्याच घरचा, हे पुष्कळांच्या गावी नसते. संस्कृतातली 'लाक्षा' प्राकृतातून 'लाख' झाली. फारशी-अरबी व्यापाऱ्यांनी तिला 'लक' म्हटले, पोर्तुगीजांनी 'लाका', आणि युरोपातल्या दोन-तीन भाषांचे पाणी पिऊन ती इंग्रजांच्या घरी 'लॅकर' म्हणून नांदू लागली. परमुलखात दिलेली लेक बऱ्याच वर्षांनी माहेरी यावी आणि तिची बोलीही आपल्याला ओळखू येऊ नये, तशातला हा प्रकार!

तिकडे गेल्यावर या शब्दाने संसारही मोठा केला. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर इवलेसे किडे जो राळेसारखा पदार्थ पाझरतात, ती खरी लाख. पण चीन-जपानात एका झाडाच्या चिकापासून जे रोगण करतात त्यालाही इंग्रज 'लॅकर'च म्हणू लागले. वास्तविक त्याचा आणि लाखेचा काडीचा संबंध नाही. पुढे 1920 नंतर अमेरिकेत मोटारींना झटपट वाळणारे कारखानी रंग देऊ लागले, त्यांनाही तेच नाव मिळाले. आज नखांवरचा रंग आणि केसांवरचा फवारासुद्धा 'लॅकर'च. किडा, झाड आणि कारखाना यांना एका नावाखाली आणणारा समान धागा एकच: वरून चढवलेली पातळ, कडक आणि चकचकीत त्वचा.

आणि इथेच मला एक प्रश्न छळतो. वरून चढवलेली चकाकी ही लबाडी म्हणायची का?

आपली भाषा या बाबतीत फार संशयी आहे. वरवरचा, बेगडी, मुलामा दिलेला या विशेषणांनी आपण माणसाची परीक्षा एका फटक्यात उरकतो. पण त्याच भाषेत 'कल्हई' हाही शब्द आहे. पितळेच्या पातेल्याला आतून लावलेला कथलाचा पातळ थर म्हणजेही लेपच. तो नसेल तर आमटी कळकते. मुलामा पितळेला सोने म्हणवतो. कल्हई पितळेला पितळच राहू देते आणि आपल्याला सुखाने जेवू देते. तेव्हा लेप तेवढा खोटा, हे काही खरे नव्हे.

लाखेचे मूळ काम तरी कोणते? तो किडा चकाकीसाठी लाख पाझरत नाही. स्वतःला आणि पोटातल्या पिलांना झाकायला पाझरतो. चकाकी माणसाने नंतर शोधली. पूर्वी लखोट्यावर लाखेची मोहर असे, ती आतला मजकूर लपवण्यापेक्षा तो कुणी वाटेत बदललेला नाही याची ग्वाही देण्यासाठी. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत चपडी लाखच असे, आणि बालगंधर्वांचा आवाज आपल्यापर्यंत तिने सांभाळून आणला.

चन्नपट्टणचे कारागीर खेळणी करतात, ती रीत ऐकण्यासारखी आहे. आधी लाकूड नीट वाळवायचे, मग चरकावर कातून गुळगुळीत करायचे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. शेवटी केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला झळाळी आणायची. पण लाकूड आतून ओले असेल, तर वरची लाख कितीही सुरेख असो, लाकूड आकसले की तिला तडे जाणारच.

माणसाच्या शिष्टाचाराचेही असेच आहे. दिवाळीला आलेल्या नावडत्या पाहुण्याला आपण हसून 'या, बसा' म्हणतो, चकली पुढे करतो. हा ढोंगीपणा आहे, असे तरुणपणी फार वाटते. मला तसे वाटत नाही. त्या हसण्याने पाहुण्याचा मान राहतो, आपलाही तोल राहतो. कुणाचे नुकसान होत नाही. लेपाची परीक्षा मी एवढ्याच प्रश्नावर करतो: तो कुणाला सांभाळतो आणि कुणाला झाकून टाकतो?

या कसोटीवर लाखेची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट घासून पाहावी, ती म्हणजे वारणावतातले लाक्षागृह. दुर्योधनाच्या सांगण्यावरून पुरोचनाने लाख, तूप अशा ज्वालाग्राही जिनसांनी घर उभारले. विदुराने गूढ भाषेत सावध केले. खनकाने भुयार खणले. भीमाने आग लावली आणि पांडव निसटले. ही गोष्ट मी कीर्तनात ऐकली, शाळेच्या पुस्तकात वाचली आणि दर वेळी पांडव सुटले म्हणून सुस्कारा सोडला.

पण आदिपर्वात त्या रात्री आणखी सहाजण आहेत. कुंतीने दिलेल्या भोजनाला एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह आली होती. खाऊन-पिऊन ती सारी तिथेच झोपली. सकाळी राखेत सहा देह सापडले, आणि पांडव कुंतीसह जळाले अशी लोकांची खात्री झाली. ज्यांच्यामुळे ही सुटका पक्की ठरली, त्यांना नावे नाहीत. काळानेच त्यांना तिथे ओढून आणले, अशा अर्थाचे शब्द घालून कवी पुढे जातो. तरी त्याने त्यांची नोंद केली, हा त्याचा प्रामाणिकपणा. आपण मुलांना गोष्ट सांगताना मात्र बहुधा तेवढीही ठेवत नाही. दुर्योधनाची लाख भिंतींवर होती. आपली गोष्टीवर आहे, आणि ती अधिक गुळगुळीत आहे.

मग काय करावे? गोष्टच टाकून द्यावी? मला वाटते, जपानी कारागिरांकडून थोडे शिकावे. तिथे फुटलेली बशी झाडाच्या त्याच चिकाने सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड भुरभुरवतात. जोडलेली रेघ लपवत नाहीत. तीही चकाकते, पण तिची चकाकी सांगते की इथे काहीतरी फुटले होते.

या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती मुले जमली आणि त्यांनी लाक्षागृहाची गोष्ट मागितली, तर जरूर सांगावी. भुयाराचा थरार सांगावा, भीमाचे बळ सांगावे. आणि शेवटी, आवाज न चढवता, त्या घरात झोपलेल्या आईविषयी आणि तिच्या पाच मुलांविषयीही सांगावे. मुले प्रश्न विचारतील. उत्तर चटकन सुचले नाही, तरी तेवढ्यासाठी पुन्हा लाख वितळवायला घेऊ नये.