मंडळीत नाव

नगरहून पुण्याला नोकरीसाठी निघाले तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी एक दाखला हातात ठेवला. आम्हा मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांतली ही जुनी पद्धत आहे. माणूस गाव बदलतो तेव्हा हा कागद नव्या गावच्या मंडळीत द्यायचा, की त्याचे नाव एका रजिस्टरमधून दुसऱ्यात जाते. माझा दाखला सहा वर्षे कपाटात, साड्यांच्या खाली पडून राहिला.

त्या सहा वर्षांत मी रविवार चुकवले असे नाही. पुण्यात चर्चना तोटा नाही आणि मी पुष्कळ पालथी घातली. एके ठिकाणी प्रवचन असे की आठवडाभर मनात घोळावे. पण तिथे वर्षभर जाऊनही शेजारी बसणाऱ्या बाईंचे नाव मला कळले नाही, त्यांना माझे कळले नाही. एके ठिकाणी उपासना मराठी, नारायण वामन टिळकांची गीते, लहानपणीच्या चाली; पहिल्याच दिवशी माझे डोळे भरून आले. बाहेर पडताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ मग आडनाव, मग आजोळचे आडनाव. या प्रश्नांची वाट कुठे जाते हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बाप्तिस्म्यात आम्ही जात मागे टाकली असे आम्ही मनापासून मानतो आणि सोयरीक जुळवताना ती पुन्हा घरात घेतो. त्या दिवशी मी फार दुखावले गेले. पुन्हा तिथे गेले नाही.

‘मला पटेल असे चर्च मिळाले नाही,’ असे मी तेव्हा म्हणत असे. आज ते वाक्यच मला चुकीचे वाटते. पटणे ही आपलेपणाची पहिली पायरी आहे, असे त्यात मी गृहीत धरले होते.

मराठी बायबलमध्ये विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला ‘मंडळी’ हा शब्द आहे. इमारतीला आमच्याकडे जुनी माणसे देऊळच म्हणतात; मंडळी म्हणजे माणसे. जेवायला बसलेली ती मंडळी, लग्नाला जमलेली ती मंडळी, जुन्या पिढीतले पुरुष तर बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणत. हा शब्द योजणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो. पण त्याला घरचा आणि पंगतीचा वास आहे. अशी मंडळी कुणी पारखून निवडत नाही.

आमच्या वाडवडिलांनीही पंथ निवडला नव्हता. परदेशी मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते. सोलापूर-साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, जालन्याकडे स्कॉटलंडचे मिशन. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन होते आणि इंग्लंडच्या चर्चचे लोकही होते. आजोबा कोणत्या वाडीत राहत यावर नातवाचा पंथ ठरला. म्हणून 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, ही मला मोठी गोष्ट वाटते. परक्यांनी आखलेल्या रेषा आपल्या लोकांनी पुसायला घेतल्या. पण रेषा पुसल्याने माणूस आपोआप आपला होत नाही, हे मी पुण्यात अनुभवले.

मग होतो कसा? मला उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सापडले. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 मध्ये. मधली काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. मग ख्रिस्ती वस्तीत राहायला आल्या तरी सोवळे सुटले नाही, चूल वेगळी, पाणी वेगळे. पुढे जात माणसाने केली, देवाने नव्हे, या निर्णयाला त्या स्वतःच विचार करून पोचल्या आणि कुणाच्याही हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर. त्यांचा क्रम नीट पाहिला तर आधी शेजार, मग ताट, मग श्रद्धा. मी नेमकी उलट्या टोकाने निघाले होते. आधी शिकवण तपासायची, मग माणसे, आणि ताटापर्यंत पोचायचेच नाही.

यावर कुणी रास्तपणे विचारील, मग सद्सद्विवेकाचे काय? जेवायला घातले म्हणून मान तुकवायची का? इथे पंडिता रमाबाई मला वाट दाखवतात. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला असताना. त्याच भगिनींशी त्यांनी पत्रांतून कडाकडा वाद घातला: त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर, धर्मगुरूंच्या अधिकारावर. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्यापुढे आपली बुद्धी गहाण ठेवायला त्यांनी साफ नकार दिला आणि नाते मात्र तोडले नाही. ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने भेटला तो बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या आणि टाकून दिलेल्या मुली गोळा केल्या, ती मंडळी कोणत्याही एका पंथाची झाली नाही. मंडळीत राहून मतभेद ठेवता येतो याचा याहून मोठा दाखला आपल्याकडे मला ठाऊक नाही. जिथे असा मतभेद गुन्हा ठरतो, जिथे आडनावावरून जागा ठरते, तिथून उठून जावे, यातही मला शंका नाही. मी उठले ते चुकले असे मी म्हणत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षे मी कुठेच कामाला हात लावला नाही, कुणाच्या घरी गेले नाही, कुणाला घरी बोलावले नाही, ते चुकले.

माझे वडील वारले तेव्हा मी हे शिकले. देह नगरला न्यायचा होता, रात्र झाली होती, आणि आमच्या सोसायटीमागे एका शाळेच्या वर्गात भरणाऱ्या छोट्या मराठी मंडळीतल्या चार बायका दारात आल्या. मी तिथे दोनदाच गेले होते. एकीने स्वयंपाकघर ताब्यात घेतले, एकीने माझी पिशवी भरली, दोघी गाडीत बसून नगरपर्यंत आल्या. मी कोणाची कोण, हे कुणी विचारले नाही. तिथले प्रवचन आजही मला साधारणच वाटते, आणि पाळकांशी माझे काही बाबतींत मुळीच जमत नाही. महिन्याभराने मी दाखला दिला. चिटणीसबाईंनी त्यावरची तारीख पाहिली, काही न बोलता रजिस्टर उघडले आणि माझे नाव लिहून घेतले.

आता मी महिला मंडळाचा हिशोब ठेवते. आमच्यात एक गृहस्थ चार वर्षे येतात, बाप्तिस्मा घेतलेला नाही. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले, आणि बाप्तिस्म्याविना मंडळीत जागा आहे का, हा प्रश्न अजून आमच्यासारख्या मंडळ्यांपुढे आहे. हे गृहस्थ प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहतात. हंगामाच्या सणाला मोठी पातेली तेच उचलतात. सभासद म्हणून त्यांचे नाव लिहावे का, यावर पंचकमिटीत दोनदा वाद झाला, आणि मी त्यांच्या बाजूने बोलले. अजून काही ठरलेले नाही. गेल्या पावसाळ्यात ते दवाखान्यात होते, तेव्हा रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या. माझी गुरुवारची होती.