एकट्याचा धंदा आणि विसावा

शिंपी, कुंभार, सोनार, न्हावी, माळी, वाणी. आपल्या संतमंडळींची नुसती नावे घेतली तरी गावची सारी बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते. नामदेवरायांचे घराणे शिंप्याचे. तेरचे गोरोबाकाका कुंभार, अरणचे सावता महाराज माळी, पंढरीचे नरहरी महाराज सोनार, सेना महाराज न्हावी, आणि देहूचे तुकोबाराय दुकानदार. हातच्या कसबावर पोट भरणारी ही माणसे. आजही दिंडीत शेतकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून असेच लोक चालतात. कोणी एका यंत्रावर शिवणकाम करणारा, कोणी रसवंतीवाला, कोणी सायकली दुरुस्त करणारा, तर कोणी घरी पापड-लोणची करून विकणारी बाई. म्हणून एकट्याने धंदा करणाऱ्याचा एक प्रश्न आज विचारास घेतला आहे. प्रश्न साधा दिसतो, पण सोपा नाही. ज्याच्या डोक्यावर धनी नाही, त्याला ‘आता पुरे, घरी जा’ असे म्हणणार कोण? आणि तो आपण होऊन थांबला, तर तो आळस समजावा की कर्तव्य?

नोकरीतल्या माणसाला हा प्रश्न फारसा पडत नाही. भोंगा होतो, कचेरी बंद होते. एकट्याच्या धंद्यात मात्र धनी तोच, गडी तोच, कारकून तोच आणि उधारी मागायला जाणाराही तोच. धनी म्हणून तो गड्याला राबवतो आणि गडी म्हणून मुकाट्याने राबतो. तक्रार करायची कोणी आणि कोणाकडे? पूर्वी कायद्याची थोडी आडकाठी होती. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ या कायद्याने, काही अपवाद सोडता, शहरातल्या दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचे बंधन घातले होते. पुढे २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. नोकराची साप्ताहिक सुटी त्या कायद्यानेही राखली. पण जेथे नोकरच नाही, तेथे सुटी राखायची कोणाची? कायद्याने काढलेले कुलूप आता ज्याचे त्यानेच लावायचे आहे. त्यात खिशात मोबाईल आला. दुकानाला फळ्या लावल्या तरी रात्री अकराला ‘ताई, माझे झाले का हो?’ असा निरोप येतोच.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी एक बाई घरी ब्लाउज शिवते. दिवसाचे १० तास ती या कामात असते. त्यांतले ३ तास मापे घेणे, कापड बेतणे, आधीचे सैल-घट्ट करून देणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे यांत जातात. राहिले ७. अस्तराच्या एका ब्लाउजाला सव्वादोन तास धरले, तर दिवसाला ३ ब्लाउज हातावेगळे होतात. मग लग्नसराई येते. कोणालाच नाही म्हणवत नाही, म्हणून ती रोज ६ घेऊ लागते. १५ दिवसांत ४५ ब्लाउज मागे पडले! आता एकही नवे काम घेतले नाही तरी ती आणखी १५ दिवस बांधलेली आहे. मग जागरणे सुरू होतात. डोळे चुरचुरतात, पाठ धरते, बाही उलटी लागते, ती उसवून पुन्हा लावावी लागते, आणि तिनाचे अडीच होतात. तास वाढवले म्हणजे काम वाढेल असे वाटले होते. तास वाढले, काम घटले.

भात तळाशी करपतो तेव्हा वरून पांढराच दिसतो. वास येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. माणसाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या करपण्याची तीन लक्षणे नोंदली. शक्ती सरून जाणे हे पहिले. आपल्याच कामावरून मन उडणे, त्याविषयी कडवट होणे हे दुसरे. आणि पूर्वी साधत होते ते काम न साधणे हे तिसरे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. आपल्या उदाहरणातली बाई सुटी न घेता रोज १० तास बसली, तर आठवड्याचे ७० होतात. जागरणे त्यात धरलेलीच नाहीत.

देहाचे राहू द्या. दुसरे लक्षण मला अधिक भयंकर वाटते. ज्या गिऱ्हाइकाच्या जिवावर घर चालते, तेच दारात दिसले की कपाळाला आठी पडते. कापडावरून प्रेमाने फिरणारा हात आता कापड ओढू लागतो. घरी पोराने काही विचारले तर उत्तराऐवजी ओरडा मिळतो. धंदा वाढला खरा, पण ज्यांच्यासाठी वाढवला त्यांच्याशीच वैर पडले. मग वाढले ते काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. असा राबणारा माणूस दिसला की आपण चटकन सांगतो, ‘बाबा, लोभ सोड.’ औषध नामी आहे, पण रोग निराळा आहे. त्या बाईला माडी बांधायची नाही. आज नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या आळीत जाईल, पावसाळ्यात यंत्र रिकामे राहील, पोराची फी अडेल, ही तिच्या मनातली धास्ती. लोभाला कितीही मिळाले तरी थोडे वाटते. भयाला कितीही साठले तरी ते उद्या पुरेल असे वाटत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, दोन्ही रात्रीचा दिवा जळत ठेवतात. ओळखायचे असेल तर जादा आलेल्या पैशाने माणसाच्या झोपेत काय फरक पडला ते पाहावे. ज्याच्या हाती पैसा येताच नव्या वस्तूची ओढ लागते, तो लोभी. ज्याच्या हाती पैसा येऊनही रात्री छातीत धडधड होते, तो भ्यालेला. लोभ्याला उपदेश हवा. भ्यालेल्याला उपदेश केला तर त्याच्या भीतीत अपराधीपणाची भर पडते, बाकी काही होत नाही. त्याला हवा हिशेब, आणि हवा आधार.

हिशेबाआधी नीतीची एक गोष्ट. दिवसाला तीनच होतात हे ठाऊक असता सहांचा वायदा केला, तर तीन वेळा खोटे बोलल्यासारखे झाले. तोंडावर नाही म्हणणे कठोर वाटते, म्हणून आपण ‘बघू, होईल’ म्हणतो आणि त्याला गोड स्वभाव समजतो. पण मुहूर्ताच्या आदल्या दिवशी रिकाम्या हाताने परतणाऱ्या मुलीला विचारा, त्या गोडव्याची चव कशी लागली! ‘त्या तारखेला जमणार नाही, नंतरच्या सोमवारी नक्की देईन’ हे कारागिराचे सत्यवचन आहे. वजनात मारू नये, मापात मारू नये, हे आपल्याला कळते. वेळेतही मारू नये, एवढे त्याला जोडून घ्यावे.

मग धंदा वाढवायचाच नाही की काय? अवश्य वाढवावा. पण एकट्याच्या धंद्याचे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात, दोन डोळे आणि शांत चित्त. भांडवल खाऊन केलेला नफा नफाच नव्हे, हे वाण्याच्या पोराला सांगायला नको.

आधी एक महिना वही ठेवावी. कोणत्या कामाला किती वेळ गेला आणि किती सुटले, एवढेच लिहावे. पुष्कळदा असे दिसते की ज्या कामाला सर्वांत अधिक वेळ जातो, त्याचेच पैसे सर्वांत कमी. असे काम हळूहळू सोडावे, किंवा त्याचा दर बदलावा. कसब वाढले तर मजुरी वाढवण्यात पाप नाही. चार गिऱ्हाइके कमी होतील, पण राहतील ती कामाची किंमत जाणणारी असतील. दुसरे, सारे आपणच करण्याचा हट्ट सोडावा. हुक-काजे, हातशिलाई ही कामे शेजारच्या गरजू बाईला रोख मजुरीने द्यावी. एका ब्लाउजामागे अर्धा तास वाचला तर त्याच ७ तासांत तिनाचे ४ होतात. जागरण नाही, आणि दुसरी एक चूलही पेटते. तिसरे, भरतीच्या दिवसांतले पैसे ओहोटीसाठी बाजूला काढावे. दोन महिन्यांचा घरखर्च गाठीशी असला की ‘नाही’ हा शब्द ओठावर येतो. तोवर तो घशातच अडकतो. भयावरचा उतारा हाच.

कर्जाचाही असाच विचार करावा. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ पारंपरिक धंद्यांच्या यादीत कुंभार, सोनार, न्हावी, माळा गुंफणारे माळी आणि शिंपी अशी संतांच्या घरची नावे सापडतात. त्यात पहिले कर्ज १ लाखापर्यंतचे, ५ टक्के व्याजाचे आणि १८ महिन्यांत फेडायचे. व्याज हलके आहे, खोटे नाही. पण पुरा लाख उचलला तर महिन्याचा हप्ता ५,८०० रुपयांच्या आसपास जातो. ब्लाउजाची मजुरी २५० धरली तर ते २३ ब्लाउज झाले. म्हणजे महिन्यातले जवळजवळ ८ दिवस ती बाई हप्त्यासाठी शिवणार. नवे यंत्र ८ दिवसांचे काम वाचवत असेल तर जरूर घ्यावे. दुकान झगमगीत दिसावे म्हणून घ्यायचे असेल तर लांबूनच हात जोडावे. तास वाचवणारे कर्ज घ्यावे, तास खाणारे घेऊ नये.

येथे कोणी शंका घेईल. परंपरा सांगते की सावता महाराजांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला, पंढरीला जाण्यासाठीसुद्धा मळा सोडला नाही. मग आपण रात्रंदिवस धंद्यात राहिलो तर बिघडले कोठे? याचे उत्तर दारे धरणाऱ्याला विचारावे. मळ्याला पाणी पाळीपाळीने द्यावे लागते. एक वाफा भरला की पाणी दुसरीकडे वळवायचे. पाणी चांगलेच, पण ते तुंबून राहिले तर मुळ्या कुजतात. जो मळ्यात रमला त्याला ही पाळी कळते. मळ्यात रमणे निराळे आणि मळ्याच्या धाकात राहणे निराळे. पहिल्यात काम आणि नाम एकत्र नांदतात. दुसऱ्यात नाम तर राहोच, जेवणाची चवही कळत नाही.

दुसरी शंका अधिक खरी आहे. कित्येकांना आठ-नऊ तास राबूनही पोटापुरते मिळत नाही. त्यांना ‘विसावा घ्या’ म्हणणे ही थट्टा होईल. खरे आहे. वहीने आणि काटकसरीने त्यांचा सारा प्रश्न सुटत नाही, आणि तो न सुटण्यात त्यांचा दोषही नाही. पण वाचकहो, हे वाचणाऱ्यांत शिवणारे थोडे असतील, शिवून घेणारे फार. निम्मा भार आपल्यावर आहे. मोठ्या दुकानात छापील किमतीला मान डोलावणारे आपण, दारच्या चांभाराशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. लग्न सहा महिने आधी ठरते आणि कापड आठ दिवस आधी टाकतो. मजुरी ‘पुढच्या वेळी देते’ म्हणून ठेवतो आणि रात्री निरोप पाठवून उत्तराची वाट पाहतो. दुसऱ्याच्या विसाव्यावर चालून जाणे हीही एक हिंसाच आहे, मग गळ्यात माळ असो वा नसो. काम वेळेवर टाकावे, पैसे हातोहात द्यावे, आणि ‘नाही जमणार’ हे ऐकून घेण्याची सवय करावी. एवढ्यानेही कोणाच्या तरी घरचा दिवा वेळेवर मालवेल.

थांबणे आळस की कर्तव्य, याचे उत्तर वारीच्या वाटेवर पायांना मिळालेले आहे. माउलींची पालखी आळंदीहून निघाली की पुण्यात दोन मुक्काम करते. मग दिवे घाट चढून सासवडचा लांबलचक टप्पा येतो, आणि सासवडलाही बहुधा दोन मुक्काम होतात. कोणी चक्कर येऊन पडला म्हणून तो मुक्काम पडत नाही. पाऊल उचलण्याआधीच तो ठरलेला असतो. पंढरीची ओढ नाही म्हणून का आपण तेथे थांबतो? उलट, पंढरी गाठायची आहे म्हणूनच थांबतो. घाट धावत चढणारा मागे राहतो. टाळाच्या ठेक्यात पाऊल टाकणारा सत्तरीचा म्हातारा वाखरीच्या रिंगणात उभा दिसतो.

एकट्याच्या धंद्यालाही असेच मुक्काम आधी ठरवून द्यावे. आठवड्याचा एक वार, रोजची एक ठरलेली वेळ, आणि वारीचे दिवस. ते पाटीवर ठसठशीत लिहून दाराला लावावे, म्हणजे दर वेळी तोंडाने नाही म्हणण्याचा प्रसंग येणार नाही. पहिले काही दिवस गिऱ्हाईक कुरकुर करील. पुढे तेच लोकांना सांगेल, ‘अहो, बुधवारी जाऊ नका, बुधवारी तिचे बंद असते.’