पडद्यांवाचून सूर

विधिनिषेध सुटले म्हणजे मनुष्य मोकळा होतो की अधिक घट्ट बांधला जातो, हा प्रश्न गीतेच्या भाष्यकारांपासून गावोगावच्या कीर्तनकारांपर्यंत सर्वांनी आपापल्या परीने हाताळलेला आहे. आणि त्याचे उत्तर पोथीत न शोधता मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारीवर शोधावे असे मी म्हटले, तर शास्त्रीबुवा हसतील व वादक मंडळी ‘आधी सूर तर लागू द्या’ म्हणून विषय बदलतील, याची मला जाणीव आहे. तथापि बिद्रीस, दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग ओसरून रात्र थोडी निवांत झाली की काट्यावर काम करणारा एक तरुण जे वाद्य घेऊन बसतो, आणि ज्याच्या साथीला मी तंबोरा धरतो, त्या वाद्याने या प्रश्नाची जी बाजू मला दाखविली ती कोणत्याही प्रवचनात माझ्या कानी आलेली नव्हती.

हे वाद्य म्हणजे आपण जिला हवाइयन गिटार म्हणतो ती. नेहमीच्या गिटारीत तार बोटाने दाबून दांडीवरील धातूच्या पडद्याला भिडवावी लागते, आणि एकदा ती भिडली की कोणता सूर निघेल हे बोटाच्या हाती फारसे उरत नाही. वाद्य घडविणाऱ्या कारागिराने ते आधीच ठरवून ठेवलेले असते. हवाइयन पद्धतीत खुंट्यांकडची पट्टी उंच करून तारा इतक्या वर उचललेल्या असतात की त्या पडद्यांना टेकतच नाहीत. उजव्या हाताच्या अंगठ्यात व बोटांत नख्या घालून तार छेडायची, आणि डाव्या हातातील गुळगुळीत पोलादी कांडी तारेवर ठेवून ती सरकवीत न्यायची. कांडी ठेवायची, दाबायची नाही. दाबली तर तार पडद्यावर आदळून खडखडते, आणि फार हलकी धरली तर सुराऐवजी करकर तेवढी ऐकू येते. पडदे दांडीवर असतात, पण त्यांचा अंमल उठलेला असतो. मोजणीखात्याने शेताच्या हद्दीवर रोवलेला दगड कोणास अडवीत नाही, हद्द कोठे आहे एवढेच दाखवितो. या गिटारीवर पडद्यांचे काम तितकेच उरलेले आहे.

या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः जोसेफ केकूकू याच्याकडे दिले जाते. हवाई बेटांपैकी ओआहूवरील लाईए गावी 1874 साली जन्मलेल्या या मुलाने शाळकरी वयात लोखंडाचा एक तुकडा तारांवर फिरवून पाहिला, त्या नादाचा छंद घेतला, आणि 1904 साली बेटे सोडून तो अमेरिकेत गेला तेव्हा ती विद्या बरोबर नेली. बिद्रीच्या वाचकास येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ती बेटेही उसाचीच. 1875 च्या करारान्वये हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली, तेथील मळ्यांवर दूरदूरच्या देशांतून मजूर आणले गेले, आणि 1893 साली राणी लिलिउओकलानी हिचे राज्य उलथले गेले त्यात साखरवाल्या धनिकांचा हात मोठा होता. उसाच्या जोरावर तिकडे राज्य गेले आणि इकडे सहकारी कारखाने उभे राहिले, ऊस तोच.

हिंदुस्थानी रागसंगीतात या गिटारीला मानाची बैठक मिळवून दिली ती उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही 1967 ची ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचली; पुढे विश्वमोहन भट्ट यांनी या गिटारीला तरफा जोडून मोहनवीणा केली आणि 1994 साली ग्रॅमी पुरस्कार मिळविला. मात्र तारेवर कांडी सरकवून सूर काढणे ही आपल्याकडे परकी आयात आहे, असे जे म्हणतात त्यांनी देवगिरीचे दप्तर उघडून पाहावे. यादव राजा सिंघण याच्या पदरी जमाखर्चाच्या कारभारावर असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यात एकतंत्री वीणेचे जे वर्णन केले आहे त्या वीणेला पडदे नाहीत. डाव्या हातातील कम्रिका नावाची बांबूची कांडी तारेवर फिरवून ती वाजवावयाची. हा हिशेबनीस येथे एकाएकी भक्त होतो. त्या वीणेचा दंड शंभू, तार उमा, तुंबा ब्रह्मदेव, नाभी सरस्वती असे तो सांगतो, आणि तिच्या दर्शनाने व स्पर्शाने ब्रह्महत्येसारख्या पातकाने पतित झालेलाही पावन होतो असे निःसंकोच लिहितो. पुढे कावेरीकाठी तिरुविडैमरुदूर येथील सखारामराव यांनी अशाच पडदारहित वीणेला, गोट्टुवाद्याला, दक्षिणेच्या मैफलीत प्रतिष्ठा दिली. तेव्हा वाद्य आपले की परके, हा वाद मी येथेच सोडून देतो. पातकनाशाची ग्वाही देताना शार्ङ्गदेवाने नेमकी बिनपडद्याची वीणाच का निवडली असावी, हे मला अधिक विचार करण्याजोगे वाटते.

शिकणाऱ्याच्या हाताकडे पाहावे. त्यास प्रथम सांगतात की कांडी दोन पडद्यांच्या मध्ये नव्हे, तर पडद्याच्या बरोबर माथ्यावर यावी, आणि ती पडद्याशी समांतर असावी. तो मान वाकवून, एक डोळा किंचित मिटून, कांडी अगदी रेषेवर आणतो. षड्ज जुळतो, पंचमही जुळल्यासारखा वाटतो. मग शुद्ध गांधारावर कांडी तितक्याच काटेकोरपणे ठेवली जाते आणि तंबोऱ्याशी तो गांधार भांडू लागतो. ‘काका, पडद्यावर बरोबर ठेवली तरी बेसूर लागतंय की ओ. मग हे पडदे ठेवलेत कशाला?’ असे आमच्या तरुणाने मला विचारले, तेव्हा दोष त्याच्या हाताचा नव्हता. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसविलेले असतात, म्हणजे कोणताही सूर षड्ज मानला तरी गाणे चालून जावे. ही सोय मोठी आहे, परंतु तो एक तह आहे, आणि तहात प्रत्येक सुराने आपले थोडेथोडे सोडलेले असते. 65 सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पडद्याने दाखविलेली गांधाराची जागा आणि तंबोऱ्याशी एकजीव होणाऱ्या गांधाराची जागा यांत सुमारे 4 मिलिमीटरांचे अंतर पडते. पंचमाच्या बाबतीत ते अर्ध्या मिलिमीटरावर येते, म्हणून कान त्याची दखल घेत नाही. गांधारासाठी कांडी पडद्याच्या माथ्यावरून खुंट्यांच्या बाजूस किंचित मागे घ्यावी लागते. डोळ्याला ती चूक दिसते, कानाला ती खरी वाटते.

आणि कानाला ती खरी का वाटते? कोणाच्या लहरीमुळे नव्हे. तंबोऱ्याचा खर्ज जवारीदार लागला असेल तर त्याच्या पोटातून, षड्जाच्या पाचपट कंपनांचा, एक गांधार आपोआप उमटतो. गवई मंडळी त्यास स्वयंभू म्हणतात. कोणी छेडलेला नसतो, तरी असतो. कांडीने काढलेला गांधार त्या न छेडलेल्या गांधारात मिसळला की तार एकाएकी मोठी होते, खोली भरते, आणि शिकणाराचा चेहरा बदलतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे मोजमाप करून 1910 साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने त्यात मन घातले, आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्या प्रयोगांस साक्षी राहिला. त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले आणि काही आक्षेप रास्तही होते. पण आयुष्यभर जमीन महसुलाचे आकडे तपासलेल्या माणसाला सुराचीही हद्द नक्की करावीशी वाटावी, आणि ती नक्की करण्यासाठी शेवटी एका गवयाच्या कानाकडेच जावे लागावे, हे मला फार सूचक वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पडद्याचे वाद्य वाजविणारा नियमाच्या आश्रयाने असतो. सूर उतरला तर तो कारागिराकडे, हवेकडे, जुन्या तारेकडे बोट दाखवू शकतो. कांडीने वाजविणाऱ्यास अशी सवड नाही. त्याचा प्रत्येक सूर त्याच्या नावावर जमा किंवा खर्ची पडतो, आणि त्यावर अपिलाला जागा नसते. म्हणजे पडदे निरुपयोगी झाले, तरी बंधन गेले नाही. ते दांडीवरून उठून तंबोऱ्यात जाऊन बसले. पूर्वी बारा ठिकाणी थांबण्याची सक्ती होती, आता कोठेही थांबता येते, पण कोठेही थांबले तरी त्या एका षड्जाला जाब द्यावा लागतो. माझ्या मते विधिनिषेधापलीकडे गेलेल्या माणसाची स्थिती याहून निराळी असू शकत नाही. नियम आपल्यासाठी नाहीत असे सांगणारे बुवा-महाराज महाराष्ट्रात कधी कमी नव्हते; त्यांना एवढेच विचारावे की, महाराज, आपला तंबोरा कोठे आहे?

आपल्या वारकऱ्यांनी हे केव्हाच ओळखले असावे. अखंड हरिनाम सप्ताहात विणेकरी उभा असतो. त्याच्या गळ्यातील वीणा सात दिवस भुईला टेकत नाही, पहारा बदलताना एकमेकांच्या पाया पडून ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या वीणेवर राग वाजत नाही, पद वाजत नाही. तारा एकामागून एक छेडायच्या, एवढेच तिचे काम. अभंग म्हणणारे येतात, जातात, चढतात, क्वचित घसरतात. पखवाजाला कणीक लावून तो पुनःपुन्हा मिळविला जातो. वीणा तेवढी आपला आधार सोडीत नाही. गायनदृष्ट्या सर्वांत सोपे काम विणेकऱ्याचे, आणि मान सर्वांत मोठा त्याचा, यात परंपरेचा विवेक दिसतो.

एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सूर कोठे आहे हे कानानेच ठरवायचे असेल तर ज्याचा कान कच्चा त्याने काय करावे? शिकाऊ हातांनी यावर एक युक्ती शोधलेली असते. जागेविषयी खात्री नसली की ते कांडी हलवू लागतात. तिच्या कंपनात खरा सूर कोठेतरी येऊन जातो आणि श्रोता तेवढाच उचलून बाकीचे माफ करतो. त्याहून सराईत लबाडी म्हणजे प्रत्येक सुरावर खालून घसरत येणे, म्हणजे चुकून खाली लागला तरी ती मींड समजली जाते. गद्गद कंठाने ज्ञानाची उणीव झाकणाऱ्या प्रवचनांची मला येथे आठवण होते. यावर उपाय रुक्ष आहे: कांडी न हलविता एका सुरावर थांबणे, आणि बेसूर असेल तर तो बेसूर उघडा ऐकणे. तोवर पडद्यांकडे डोळा ठेवावा. दगडाने दाखविलेली हद्द चार बोटे चुकीची असली तरी परक्याच्या शेतात तरी जाणे होत नाही.

शिक्षणाचा एक भाग मात्र केवळ न वाजविण्याचा आहे. कांडी ठेवली की तारेचे दोन तुकडे होतात आणि नख्यांनी छेडलेल्या तुकड्याबरोबर कांडीमागचा तुकडाही कुणकुणतो. म्हणून डाव्या हाताची मागची बोटे तारांवर हलकेच टेकवून ती कुणकुण शांत करावी लागते, आणि कांडी जाईल तेथे ही बोटे मागोमाग न्यावी लागतात. कारखान्याच्या वसाहतीला मौनीनगर म्हणतात, ते पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावावरून. दक्षिण दिग्विजयास निघण्यापूर्वी शिवछत्रपतींनी ज्यांचे दर्शन घेतले असे परंपरा सांगते ते हे सत्पुरुष. मौन म्हणजे वाणीचा अभाव, अशी माझी समजूत होती. या मागच्या बोटांकडे पाहिल्यावर ते वाणीच्या बरोबरीने सतत चाललेले एक काम असावे असे वाटू लागले.

वाणीवरून आणखी एक गोष्ट. टेक्सासमधील ब्लाइंड विली जॉन्सन या अंध भजनगायकाने 1927 साली ख्रिस्ताच्या अखेरच्या रात्रीविषयीचे एक भजन ध्वनिमुद्रित केले, त्यात त्याने शब्द टाकून दिले. नुसता हुंकार, आणि हुंकार संपेल तेथे तारेवरून सरकणारा सूर. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली तेव्हा त्यांवरील सोनेरी तबकडीत ते घेतले गेले. आणि त्याच तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ज्यांना विद्या मिळाली ती कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादिया खाँसाहेब यांच्याकडून. निवड करणाऱ्यांना या दोहोंचे नाते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोघांच्याही सुरांना पडदे नाहीत, एवढे मात्र कोणत्याही परग्रहवासीयास ऐकू यावे.

आता गावात निघालेल्या एका व्यावहारिक मुद्द्याविषयी माझे मत. आमच्या तरुणाने सप्ताहात भजनाला गिटारीची साथ करावी की नाही, यावर मंडळींत मतभेद आहेत. वाद्य विलायती आहे हा आक्षेप टिकत नाही, कारण भजनाची पेटीही 1842 च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली आणि आकाशवाणीने तिला 1940 पासून 1971 पर्यंत बंदी घातली होती, तरी आमच्या देवळातून ती हलली नाही. खरी अडचण वेगळी आहे. पेटीचा गांधार बारा सारख्या भागांतला, गिटारीचा गांधार वीणेच्या खर्जातून आलेला. दोन्ही एकदम वाजले तर तो 4 मिलिमीटरांचा तंटा भर सप्ताहात उभा राहील. तेव्हा गिटारीला अवश्य बसवावे, वीणेच्या जवळ बसवावे, आणि तेवढ्या अभंगापुरती पेटी बंद ठेवावी. पेटीवाले हा ठराव मंजूर होऊ देणार नाहीत, आणि ते मंडळाचे खजिनदारही आहेत.