डोळा कोणाचा बरोबर

जपानी मांगा, म्हणजे तिकडच्या चित्रकथा, आवडणार की नाही, हे बहुतेकदा डोळ्यांपाशी ठरते. गोष्ट समजण्याच्या आत, पहिली चार पाने उलटतानाच वाचक चित्र स्वीकारतो किंवा पुस्तक मिटतो. मोठ्या, पाणीदार डोळ्यांची रीत ओसामू तेझुका (१९२८–१९८९) यांच्या नावे सांगितली जाते. त्यांच्यावर डिस्नेचा प्रभाव होता, आणि १९५२ पासून आलेल्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ने ते डोळे घरोघर नेले. मुलींच्या मासिकांतल्या चित्रकारांनी त्यांत पुढे तारे भरले. उलट योशिहिरो तात्सुमी यांनी १९५७ मध्ये आपल्या काळोख्या, प्रौढ चित्रकथांना ‘गेकिगा’ असे वेगळे नावच दिले. शैलीवरून रुसवेफुगवे मांगाच्या घरातही जुनेच आहेत.

पेच असा आहे. शैलीची आवड ज्याची त्याची, असे म्हटले तर कुठलेच चित्र कुठल्याच चित्राहून सरस म्हणता येत नाही, आणि शिकाऊ पोराचा बिघडलेला हातही त्याची ‘शैली’ ठरतो. आवडीला कारणे हवीत, असे म्हटले तर कारणे ऐकून चित्र आवडू लागलेला माणूस दाखवावा लागतो. तो सहसा सापडत नाही. हा पेच इथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी ठेवला आहे. एक मामा, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे. दुसरी त्यांची भाची, नागोठण्यात राहणारी, कॉलेजात जाणारी, मांगा वाचणारी.

मामा कसोटीपासून सुरुवात करतात. “मूर्तीसमोर बसलं की बाप्पाने आपल्याकडे बघितलं पाहिजे. एक बुबूळ जरासं सरकलं की नजर गेली. मग रंग कितीही चांगला असू दे. यात माझ्या आवडीचा संबंध काय?”

“मामा, ही कसोटी नजरेची झाली, शैलीची नाही,” भाची म्हणते. “नजर बरोबर लागलेली मूर्ती दगडूशेठच्या तोंडवळ्याची असेल, लालबागच्या असेल, ‘जय मल्हार’ मालिका जोरात होती तेव्हा लोकांनी मागितली तशी खंडोबाच्या थाटातली असेल. त्यातली कुठली चांगली, हे तुमची कसोटी सांगत नाही.”

आक्षेप नेमका आहे. कारागिरी तपासता येते, कारण तिथे काय साधायचे ते आधी ठरलेले असते. शैली म्हणजे काय साधायचे हेच ठरवणे. मामा ही वाट सोडून दुसरीने येतात. “तुझ्या पुस्तकात सगळ्यांचे चेहरे सारखे. केस झाकले तर कोण कोणता कळायचा नाही.”

“आणि एका साच्यातून काढलेले गणपती?”

“साचा एक असला तरी आखणी वेगळी असते, बाय.”

“मग मांगातही आखणीच बघा की.”

टाळी भाचीला मिळते, पण स्वस्तात. देवाचा चेहरा एकसारखा असणे हा त्याचा गुणच आहे. गोष्टीतल्या दहा पात्रांचे चेहरे सारखे असणे ही वाचकाची अडचण आहे. मामांनी हे म्हणायला हवे होते. त्याऐवजी ते बुबुळातल्या पांढऱ्या ठिपक्याकडे वळतात. गणपतीच्या डोळ्यातही चकाकीचा ठिपका असतो, पण एक. मांगातल्या मुलीच्या डोळ्यात तीन-चार. “एवढे ठिपके म्हणजे आभाळात एवढे सूर्य,” मामा म्हणतात.

“तो ठिपका उन्हाचा नाही, मनाचा आहे,” भाची सांगते. “पात्र आतून मेल्यासारखं झालं की चित्रकार ठिपका काढून टाकतो. डोळा तेवढाच मोठा राहतो, पण काळा ठक्क. वाचकाला शब्दाविना कळतं.” मामांना हे उत्तर आवडते आणि ते तसे म्हणतातही. शैली ही खुणांची भाषा असते. ती न शिकता तिला नावे ठेवणे म्हणजे न कळणाऱ्या बोलीला गोंगाट म्हणणे. मात्र भाषा समजली म्हणून ती गोड वाटलीच पाहिजे, असेही नाही.

इथून वाद ज्या आक्षेपावर अडतो तो मामांचाच आहे. “तुला हे आवडतं, कारण लहानपणी टीव्हीवर ‘डोरेमॉन’ बघत जेवलीस.”

“आणि तुम्हाला मुळगावकर आवडतात, कारण घरात त्यांचं कॅलेंडर होतं.”

मराठी घरांत हा वाद मांगाच्या आधीपासून आहे. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) आणि दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) हे दोघेही मूळचे गोव्याचे, दोघेही दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे अनभिषिक्त राजे. मुळगावकरांची स्प्रेने उजळलेली, लोण्यासारखी कांती असलेली देवदेवता आणि स्त्रिया भिंतीवर गेल्या. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक काढला. त्यांची ताकद रेषेत आणि सजावटीच्या मांडणीत होती. कुणाच्या घरी कुठला अंक येई, यावर मुलांची बाजू ठरून जाई. वादात मात्र प्रत्येक जण रेषा, रंग, शरीरशास्त्र अशी भारदस्त कारणे देई.

आवड सवयीतून येते, म्हणून ती खोटी, हा युक्तिवाद दोन्हीकडून कापतो. सगळ्याच आवडी कुठून तरी आलेल्या असतात. तेव्हा ती आली कुठून याहून दुसरे पाहिल्यावर ती टिकली का, हे विचारणे जास्त उपयोगाचे. मामा तेच विचारतात. “मी दलाल नंतर बघितले नि माझं मत थोडं सरकलं. तुझं कधी सरकलं?”

भाची ‘वन-पंच मॅन’ पुढे करते. ही गोष्ट ‘वन’ या टोपणनावाच्या लेखकाने २००९ मध्ये इंटरनेटवर स्वतः चित्रे काढून सुरू केली. चित्रे इतकी ओबडधोबड की वहीच्या मागच्या पानावर काढलेली वाटावीत. २०१२ पासून युसुके मुराता यांनी तीच गोष्ट पुन्हा चितारली, विलक्षण तयार हाताने. एक गोष्ट, दोन हात. आवडीच्या प्रश्नासाठी याहून स्वच्छ प्रयोग मुद्दाम मांडूनही मिळाला नसता. भाचीला मुराता आवडतात. कारागिरीची बाजू लढवणारे मामा दोन्ही पाने शेजारी ठेवून बघतात आणि ‘वन’कडे बोट दाखवतात.

“मामा, याला सरळ हात काढता येत नाही!”

“नाही येत. पण कुठे बघायचं ते त्याला कळतं. दुसऱ्याचा हात एवढा चांगला आहे की मी हातच बघत बसलो. गोष्ट राहिली बाजूला.”

“मग तुमची कसोटी कुठे गेली?”

मामांपाशी उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणत नाहीत. भाची त्यांना तिथेच घेरून ठेवते. हात कच्चा असूनही चित्र चांगले असेल, तर शिकाऊ पोराला ते कुठल्या तोंडाने रागावतात? मामा म्हणतात, पोराचा हात कच्चा असतो आणि त्याला कुठे बघायचे तेही कळत नसते. भाची विचारते, हे त्यांनी कशावरून ठरवले? बघून. म्हणजे पुन्हा आवडच. मामा म्हणतात, चाळीस वर्षे डोळे आखणाऱ्याचे बघणे आणि काल आलेल्याचे बघणे एक नव्हे. भाची म्हणते, चाळीस वर्षांची सवय हीसुद्धा सवयच.

त्याच ‘वन’ने ‘मॉब सायको १००’ ही मालिका स्वतःच्याच कच्च्या रेषेत काढली आणि तिला २०१७ मध्ये शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. यातून मामा बरोबर ठरत नाहीत. कच्ची रेषा पारखी मंडळींनाही चालू शकते, एवढेच दिसते. केइजी नाकाझावा यांच्या १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘बेअरफूट गेन’चे उदाहरण भाची त्यानंतर देते. हिरोशिमावरचा बॉम्ब, आणि चित्रे मुलांच्या गमतीदार मासिकातली, गोलमटोल. कुणाला हा विसंवाद असह्य होतो, कुणाला त्यामुळेच ते पान विसरता येत नाही. तिच्या मते दोघेही चुकत नाहीत. मामांच्या मते एक जण चुकतो, पण कोण ते त्यांना सांगता येत नाही.

आवड मोजण्याचा एक मार्ग जपानने काढला आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’ या मांगा नियतकालिकाने वाचकांच्या पोस्टकार्डांवरून मालिकांचे भवितव्य ठरवण्याची पद्धत रुळवली. ज्या मालिकेला मते कमी, ती लवकर गुंडाळली जाते. पेणचा बाजार पोस्टकार्डाविना तेच करतो. पण मते मोजल्याने मूळ प्रश्न सुटत नाही, फक्त धंदा चालतो.

वाद एवढ्यात निराळ्याच ठिकाणी उडी घेतो. मामांकडे नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्याच्या कॉलनीतून मागणी आली आहे. बालगणेश, डोळे मांगासारखे, चकाकीचे ठिपके दोन. मामा तयार आहेत. भाची नाही.

“आवड ज्याची त्याची, असं तूच म्हणत होतीस ना?”

“हो. पण हे बरं दिसणार नाही.”

“जपानी लोकांनी रामायणाचा सिनेमा काढला तेव्हा?” ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा युगो साको आणि राम मोहन यांचा १९९२ चा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला होता. त्यातला राम जपानी अ‍ॅनिमेशनच्या रीतीचा, आणि तो भाचीला आवडला होता. “रामाला चाललं, मग गणपतीला का नाही?”

“राम गोष्टीत आहे, मामा. तो सीतेकडे बघतो, रावणाकडे बघतो. गणपती आपल्याकडे बघतो.”

भाचीने ही मामांचीच पहिली कसोटी उचलली आहे, आणि ती आता त्यांच्याच गिऱ्हाइकाच्या आड येते. मामांना ते कळते. मोठ्या बुबुळाला त्यांची हरकत नाही. दुसऱ्या ठिपक्याने नजर समोरच्यावर राहते की दोन्हीकडे फाकते, हे मात्र आखून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असे ते म्हणतात. भाची म्हणते, आखल्यावरही तिला आवडले नाही तर? ती मूर्ती कॉलनीवाल्यांची आहे, मामा म्हणतात. तिला विचारले आहे ते नजरेबद्दल.